पैठणहून नागसेनवनाकडे : मिलिंद महाविद्यालयाची पंचाहत्तर वर्षे

पैठणच्या धर्मसभेचा शब्द एके काळी देशभर चालत असे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडे आळंदीहून शुद्धिपत्र मागायला इथेच आली आणि रेड्याच्या तोंडून वेद वदवून घेतल्याची कथा आमच्या नागघाटावरचीच. ती चमत्काराची कथा म्हणून सांगतात. गावकुसाबाहेरच्या घरांत मात्र ती निराळ्या कानाने ऐकली गेली. संन्याशाची पोरे झाली तरी ती ब्राह्मणाचीच होती. त्यांनाही शिकण्यासवरण्याच्या हक्कासाठी इतके सोसावे लागले, तर महारामांगाच्या पोरांनी कोणाच्या दारात उभे राहायचे?

पुढे तीनशे वर्षांनी संत एकनाथांनी गोदावरीच्या तापल्या वाळवंटात चुकलेले महाराचे लेकरू उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोहोचते केले. ही आठवण पैठणने जपली, नाथषष्ठीला येणारे लाखो वारकरीही ती सांगतात. नाथांबद्दलचा आमचा आदर कधी कमी झाला नाही. पण लेकरू परत गेले ते महारवाड्यातच. त्याच्या वंशजांना पदवीची पायरी चढायला आणखी साडेतीनशे वर्षे लागली, आणि ती पायरी पैठणात नव्हती. ती पन्नासेक किलोमीटर उत्तरेला, औरंगाबादच्या छावणीलगतच्या माळावर बांधली गेली. तो माळ म्हणजे आजचे नागसेनवन. मिलिंद महाविद्यालयाच्या पंचाहत्तर वर्षांचा हा इतिहास पैठण तालुक्याच्या बाजूने लिहिला आहे, कारण संस्थेचा इतिहास संस्थेत जितका घडतो तितकाच तिच्याकडे निघालेल्या वाटांवरही घडतो.

निजामी राजवटीतले शिक्षण आज समजावून सांगावे लागते. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. खेड्यात शाळा असली तर मराठी चौथीपर्यंत, आणि नसली तर नसलीच. असलेल्या शाळेत अस्पृश्यांची पोरे ओट्याखाली किंवा दाराबाहेर बसायची. पाटी लांबून दाखवायची, मास्तरांनी लांबूनच बघायची. पाणी प्यायचे तर कोणीतरी वरून ओतेपर्यंत ओंजळ धरून थांबायचे. हैदराबाद शहरात भाग्यरेड्डी वर्मांनी १९१० पासून आदिहिंदू मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. मराठवाड्यातल्या खेड्यांपर्यंत तसला वारा फारसा आला नाही. एखादे पोर हुशारीने आणि मास्तराच्या चांगुलपणाने सातवी झालेच तर पुढे शहर गाठावे लागे, आणि खरी अडचण तिथून सुरू होई. शहरात राहायचे कुठे? भाड्याच्या खोलीसाठी पहिला प्रश्न नावाचा, दुसरा आडनावाचा, तिसऱ्या प्रश्नाची गरज पडत नसे. खानावळीतही तेच. शाळेने प्रवेश दिला तरी शहर प्रवेश देत नव्हते.

हे बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः भोगले होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत काढलेल्या दिवसांचा शेवट लाठ्या घेऊन दारात आलेल्या जमावाने झाला. मराठवाड्याच्या भूमीवरचा त्यांचा एक अनुभव तर आपल्या घराजवळचा आहे. १९३४ साली सहकाऱ्यांसह वेरूळ पाहायला निघालेले बाबासाहेब वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती. किल्ल्याच्या दरवाजाबाहेरच्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवल्याचा ओरडा झाला, शिवीगाळ झाली, आणि किल्ल्यात पाण्याला हात लावणार नाही अशा अटीवर, शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना आत सोडले. दौलताबाद ते नागसेनवन हे अंतर गाडीने अर्ध्या तासाचेही नाही. सोळा वर्षांनी याच परिसरात बाबासाहेबांनी महाविद्यालय उभे केले, त्यामागे बरीच व्यावहारिक कारणे होती. तरीही हा हौद विसरून नागसेनवनाचा इतिहास सांगता येत नाही.

मराठवाड्यातले दलित तोवर स्वस्थ बसलेले नव्हते. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळ मक्रणपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. भाऊसाहेब मोरे हे तिच्या मागचे मुख्य कार्यकर्ते. ‘जय भीम’ ही घोषणा याच परिषदेतून पुढे आली असे मराठवाड्यातली जुनी माणसे अभिमानाने सांगत आली आहेत. दुसरीकडे निजाम सरकारने अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी काढला होता. त्या निधीसाठी झटणाऱ्यांत बी. श्यामसुंदर यांचे नाव घ्यावेच लागते. त्यांचा जन्म औरंगाबादचा. निजामाच्या बाजूने उभे राहण्याचे त्यांचे राजकारण बाबासाहेबांच्या भूमिकेच्या उलट दिशेचे होते, आणि तो मतभेद झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्यानंतर औरंगाबादच्या महाविद्यालयाला कर्ज मिळाले ते हैदराबाद सरकारच्या याच निधीतून. जो पैसा निष्ठा विकत घ्यायला निघाला होता, तो शेवटी वर्गखोल्यांना लागला.

बाबासाहेबांची पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ रोजी मुंबईत स्थापन झाली होती. पुढच्याच वर्षी, जून १९४६ मध्ये, सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी १९४४ साली अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू करून घेतली होती. म्हणजे शिष्यवृत्ती, महाविद्यालय आणि वसतिगृह या तीन गोष्टी एकमेकींना जोडूनच त्यांच्या मनात होत्या. मुंबईनंतर दुसरे महाविद्यालय कुठे काढायचे, तर मराठवाड्यात. इथे औरंगाबादला इंटरपर्यंतचे सरकारी कॉलेज होते. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचे. ज्या मुलखात शिक्षणाची सोय सर्वांत कमी तिथे महाविद्यालय काढायचे, हा निर्णय धाडसाचा होता. मिलिंद निघाले त्याच १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. मराठवाड्याच्या उच्च शिक्षणाची खरी जन्मतारीख शोधायची असेल तर ती या एका वर्षात आहे.

जून १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. कोनशिला बसली ती १ सप्टेंबर १९५१ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते. बाबासाहेब तेव्हा केंद्रात कायदामंत्री होते. हिंदू कोड बिलावरून याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी मंत्रिपद सोडले. दिल्लीत आयुष्यातली एक मोठी लढाई हरत असताना हा माणूस औरंगाबादेत इमारतीचा पाया घालत होता. इमारतींच्या नकाशांपासून परिसरातल्या झाडांपर्यंत त्यांचे बारीक लक्ष असे. औरंगाबादला आले की ते बांधकामावर जात, चुका दाखवत, खर्चाचा हिशेब विचारत. उघड्या माळावर झाडी उभी राहावी हा त्यांचा आग्रह होता. आज नागसेनवनात शिरल्यावर जी सावली लागते ती आपोआप आलेली नाही.

नावाचाही त्यांनी विचार केला होता. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात साकल, म्हणजे आजचे सियालकोट, ही त्याची राजधानी. वादविवादात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या या राजाला भिक्खू नागसेनाने निरुत्तर केले आणि राजाने आपला पराभव मान्य केला. ‘मिलिंदपञ्ह’ हा पाली ग्रंथ म्हणजे त्या दोघांचा संवाद. महाविद्यालयाला राजाचे नाव दिले आणि ज्या भूमीवर ते उभे राहिले तिला नागसेनाचे. वाद घालावा, हरलो तर ते मान्य करण्याइतके प्रामाणिक असावे, ही शिकवण प्रवेशद्वारावरच लिहिल्यासारखी झाली. जातीच्या मुलखात वादात बोलायचा हक्कच ज्यांना नव्हता, त्यांच्या मुलांसाठी या नावाला वेगळे वजन होते.

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. इंग्रजीचे प्राध्यापक, नाटकाची जाण असलेले आणि विद्यार्थ्यांना जीव लावणारे. जन्माने सवर्ण असलेल्या चिटणीसांवर बाबासाहेबांनी ही संस्था सोपवली आणि त्यांनी ती आपली मानली. त्यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ साली मिलिंदच्या रंगमंचावर झाले, बाबासाहेबांनी ते पाहिले. पुढच्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी तेच नाटक प्रचंड जनसमुदायासमोर झाले. गावात ज्यांना तमाशाच्या फडात आणि जोगव्यातच जागा होती, त्या समाजाची मुले आता रंगमंचावर उभी राहून स्वतःच्या हजारो वर्षांच्या इतिहासाचे संवाद म्हणत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात एखादे नाटक होते आणि मुले ते विसरतात. हे नाटक कोणी विसरले नाही.

मिलिंद दलितांचे महाविद्यालय होते का, असे आजही विचारतात. उत्तर सरळ आहे. ते दलितांसाठी राखून ठेवलेले नव्हते, ते सर्वांसाठी उघडे होते. मराठा, ब्राह्मण, मुसलमान, वंजारी, लमाण, सगळ्यांची मुले तिथे शिकली. औरंगाबादची कितीतरी सवर्ण घराणी आपल्या पदव्या मिलिंदच्या म्हणून सांगतात. फरक होता तो एकच. इथे दलित विद्यार्थी कोणाच्या मेहेरबानीने बसलेला नव्हता. ज्या समाजाला हजार वर्षे वेगळे ठेवले त्याने पहिल्यांदा आपले दार बांधले, आणि ते सगळ्यांसाठी उघडे ठेवले.

या ठिकाणी अमेरिकेतल्या एका इतिहासाकडे वळणे आवश्यक वाटते. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याची तिथली पद्धत १८९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कायदेशीर ठरली. वेगळे पण समान, असे तिचे तत्त्व होते. व्यवहारात काळ्या मुलांच्या वाट्याला गोऱ्यांच्या शाळेत वापरून फाटलेली पुस्तके, एका खोलीची शाळा आणि कमी पगाराचे शिक्षक आले. तेव्हा बुकर टी. वॉशिंग्टन यांनी जूलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीच्या मदतीने दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत शाळा बांधायला घेतल्या. १९१२ ते १९३२ या वीस वर्षांत जवळपास पाच हजार इमारती उभ्या राहिल्या. अट अशी की गावातल्या काळ्या वस्तीनेही वाटा उचलायचा. कापसाच्या शेतात मजुरी करणाऱ्या कुटुंबांनी वर्गणी काढली, लाकूड दिले, सुट्टीच्या दिवशी हातोडे चालवले. सगळे मिळून या समाजाने दिलेली रक्कम रोझेनवाल्डने दिलेल्या रकमेहून जास्त भरली. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तो मोठाच विजय होता. पण पुढे शाळा एकत्र करताना बहुतेक ठिकाणी काळ्यांच्या शाळा बंद झाल्या आणि हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. आज त्या शाळांचे म्हातारे झालेले माजी विद्यार्थी पडक्या इमारती दुरुस्त करून तिथे आपला इतिहास जपत आहेत.

हे सगळे दूरचे नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत काळ्यांची गुलामी मोडणाऱ्या माणसांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या तिथल्या अर्जाची माहिती मागवली, आणि ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवले. त्याच वर्षी सिद्धार्थ सुरू झाले होते. दोन्ही समाजांनी आपली शाळा आपण उभी केली, दोन्हीकडे वर्गणी गरिबांच्या खिशातून आली. पण माझ्या मते मिलिंदची वाट एका बाबतीत वेगळी निघाली. तिथल्या शाळा कायद्याच्या भिंतीआड उभ्या होत्या, म्हणून भिंत पडताच बऱ्याच शाळाही पडल्या. मिलिंद पहिल्या दिवसापासून भिंतीबाहेर होते.

आता वसतिगृहाविषयी, कारण तिथे मिलिंदचा प्राण होता. पैठण तालुक्यातून निघालेल्या मुलाची तयारी फार नसे. पत्र्याची पेटी, वळकटी, आईने फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा. पाचोड, आडूळ, विहामांडवा या बाजूचे मूल आधी आपल्या फाट्यावर येई. पैठणचे मूल ढोरकीन, बिडकीन, चितेगाव अशा वाटेने औरंगाबादला पोहोचे. पुढे अजिंठा वसतिगृह. खोलीत दोन-तीन मुले, एकाच दिव्याखाली अभ्यास. कोणी बीडचा, कोणी परभणीचा, कोणी वऱ्हाडातून आलेला. घरी येसकरकीची भाकरी मागायला जाणारा बाप आणि इथे शेक्सपिअर, या दोन गोष्टी एकाच मुलाच्या डोक्यात एकाच संध्याकाळी असत. शिष्यवृत्ती उशिरा आली की मेसचे पैसे थकत. मग एकाच्या ताटात दोघे जेवत. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेल्यावर पोरगा पॅन्ट घालतो म्हणून गावातल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडत. पोराने वाकून जोहार घातला नाही, या कारणावरून भांडणे झालेली आहेत. शिकलेला पोरगा परतल्यावर गावाच्या नजरेत पडणारा हा फरक सोसणे हेही त्या शिक्षणाचाच भाग होते.

वसतिगृहाने या मुलांना दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कोणाला न विचारता राहण्याचा हक्क. रात्री बारा वाजता दिवा लावून वाचले तर कोणी हाकलत नव्हते. माठातले पाणी स्वतःच्या हाताने घेता येत होते. हौदावर शिपाई नव्हता.

महाविद्यालय सुरुवातीला उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले, आणि विद्यापीठ नागसेनवनाच्या शेजारीच उभे राहिले. मिलिंद आधी आले आणि विद्यापीठ नंतर, हे नव्या पिढीला सांगावे लागते. १९५५ साली मिलिंद हायस्कूल निघाले. पुढे कला, विज्ञान, वाणिज्य, विधी अशा शाखा वाढत गेल्या आणि नागसेनवनात एकाच्या जागी अनेक संस्था झाल्या. त्या प्रत्येकीचा तपशील याच स्मरणिकेत अन्यत्र येणार असल्याने इथे थांबतो.

साहित्याबद्दल मात्र थांबता येत नाही. मराठी दलित साहित्याचा उगम सांगताना मुंबईचे नाव आधी येते. ते योग्यही आहे. पण त्या साहित्याला विचार आणि व्यासपीठ देण्याचे मोठे काम नागसेनवनात झाले. डॉ. म. ना. वानखेडे इथले प्राचार्य. मूळचे नागपूरचे, अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातून वॉल्ट व्हिटमनवर संशोधन करून आलेले. तिथे असताना त्यांनी कृष्णवर्णीय लेखकांचे साहित्य वाचले आणि परत आल्यावर इथल्या मुलांना त्याची ओळख करून दिली. आपले भोगणे लिहिण्याजोगे आहे, त्याची भाषा मागून आणायची गरज नाही, ही गोष्ट मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून ऐकली. त्यांच्याच भोवती जमलेल्या मंडळींतून ‘अस्मिता’ हे नियतकालिक १९६७ साली निघाले आणि लगेच त्याचे ‘अस्मितादर्श’ झाले. मिलिंदमध्ये मराठी शिकवणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते त्रैमासिक पुढे पन्नास वर्षे चालवले. खेड्यातल्या शिक्षकाची पहिली कविता छापायची, तिची चूक पत्राने कळवायची, मेळाव्याला बोलावून ती म्हणायला लावायची, हे त्यांनी किती जणांसाठी केले याची मोजदाद नाही. हेच पानतावणे सर २००९ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.

याच काळात मराठवाड्यातच डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृती यांवर मराठीत पुस्तक लिहिले. १९६६ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. या दोन टोकांमधला पूल बांधण्यात औरंगाबादच्या वर्गखोल्यांचा वाटा आहे, असे ठामपणे म्हणता येते.

पैठण तालुक्याच्या दृष्टीने साठ आणि सत्तरची दशके वेगळ्या कारणाने आठवणीत आहेत. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची कोनशिला बसली. २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी त्याचे लोकार्पण केले. मधल्या दहा वर्षांत गोदाकाठची गावे उठली. महारवाडे उठले तेव्हा जमिनीचा मोबदला मिळायला अनेकांकडे जमीनच नव्हती. बहात्तरचा दुष्काळ त्यातच आला. आईबाप धरणाच्या मातीकामावर, खडी फोडायच्या कामावर, पोरगा नागसेनवनात. सुट्टीत तोही पाटी उचलायला जाई आणि जूनमध्ये पुन्हा वर्गात बसे. धरणाचे पाणी पुढे शहरातल्या नळांना आणि कालव्यांना गेले. ज्यांनी माती उचलली त्यांच्यापैकी काहींची मुले मात्र तोवर शिक्षक, तलाठी, बँकेतले कारकून, वकील झाली होती. माझ्या मते या तालुक्यातल्या दलित घरांना जायकवाडीपेक्षा मिलिंदचे पाणी आधी मिळाले.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्याच संध्याकाळपासून मराठवाड्यात दलित वस्त्या पेटू लागल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारले गेले. खेड्यांतून निघालेली कुटुंबे शहराकडे आली. नागसेनवन हे तेव्हा आंदोलनाचे केंद्र बनले. वसतिगृहातल्या खोल्यांत पत्रके लिहिली गेली, मोर्चे तिथून निघाले. शिकून शहाणे झाले याचाच राग अनेकांना होता. जाळलेल्या घरांत पुस्तके होती, प्रमाणपत्रे होती, आणि ती जाळणाऱ्यांना काय जाळतो आहोत हे ठाऊक होते. सोळा वर्षे चाललेल्या या लढ्यात नांदेडच्या गौतम वाघमारेंनी नोव्हेंबर १९९३ मध्ये आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यातले राजकारण अनेकांनी लिहिले आहे. संस्थेच्या इतिहासात नोंदवायची गोष्ट इतकीच, की ज्या भूमीवर बाबासाहेबांनी स्वतः महाविद्यालय उभारले, तिच्या शेजारच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळवायला लोकांना जीव द्यावा लागला.

पहिल्या पिढीत पैठणहून गेले ते बहुतेक मुलगेच. मुलींना बाहेरगावी पाठवायला घरे कचरत. त्यांची वाट उघडली ती आधी शिकलेल्या भावांनी आणि काकांनी. आज गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत, अंगणवाड्यांत, आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरात कोणीतरी मिलिंदचा आहे. संस्थेचे मोठेपण मोजताना मंत्री, कुलगुरू, लेखक यांची नावे घेतली जातात. तीही खरी. पण पैठण तालुक्यात मिलिंदचे खरे माप म्हणजे एका घरातून एकाने घेतलेली पदवी आणि तिच्यामागे त्याच घरातून आलेल्या तीन.

आज परिस्थिती बदलली आहे. पैठणला महाविद्यालय आहे, बिडकीनला मोठी औद्योगिक वसाहत उभी राहते आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जाणारा रस्ता रुंद झाला आहे. पूर्वी चौकशी आडनावावरून होई, आता भाडे आणि अनामत विचारतात. आडनावही अजून विचारतातच, थोडे फिरवून. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांना दिवाळीनंतर घरात कोणीच नसते. अशा मुलांना अकरावी-बारावीनंतर शहरात राहायची जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तर ती शिकतात, नाही मिळाले तर कोयता हातात घेतात. १९५० मध्ये जो प्रश्न होता तोच हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तरही बाबासाहेबांनी तेव्हाच देऊन ठेवले आहे.

म्हणून पैठण, बिडकीन, ढोरकीन, पाचोड, आडूळ, विहामांडवा आणि गोदाकाठच्या सगळ्या गावांतल्या मिलिंदच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने सत्कार आणि कमानी होतील, व्हाव्यात. त्याआधी प्रत्येक गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून आपल्या गावच्या एका तरी मुलाच्या किंवा मुलीच्या वसतिगृहाचा आणि मेसचा वर्षभराचा खर्च उचलावा, आणि तो जूनच्या पहिल्या आठवड्यात भरावा. घरात मिलिंदचे जुने वार्षिक अंक, ‘अस्मितादर्श’चे अंक, नाटकांची छायाचित्रे, वसतिगृहातून गावी लिहिलेली पत्रे असतील तर ती माळ्यावर वाळवीला सोडू नका, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन द्या आणि त्यावर तारीख लिहून द्या.